सोलापूरच्या उन्हात फुलांचा वाफा: फेब्रुवारी ते जून २०२५ च्या नोंदी

जागा: जुळे सोलापुरातलं घर, पश्चिमेची मोकळी पट्टी, १८ बाय ८ फूट. ऊन सकाळी अकराला येतं ते मावळेपर्यंत हलत नाही. मागे कंपाउंडची पांढरी भिंत, तिची झळ वेगळी. जमीन काळी, त्यात बांधकामाच्या वेळचे विटांचे तुकडे. पाणी: नळाला चार-पाच दिवसांनी येतं ते, आणि बोअरचं जड पाणी. आधीच्या दोन वर्षांत इथे गुलाब, जास्वंद आणि एक मोगरा मेला. यंदा ठरवलं की उन्हाला मुळात न घाबरणारी, एका हंगामाची फुलंच लावायची. कुणाला असंच करायचं असेल तर माझ्या चुका तरी वाचाव्यात म्हणून लिहून ठेवतोय.

२ फेब्रुवारी, रविवार

सिद्धेश्वराची जानेवारीतली गड्डा यात्रा उठली की सोलापुरातली थंडी आवरतं घेते, म्हणून आजच खोदायला घेतलं. जमीन मऊ व्हावी म्हणून काल रात्री पट्टीवर पाइप सोडून ठेवला होता. ही पहिली चूक. सकाळी कुदळ मारली की चिखलासकट वर येई. तरी हट्टाने सगळी पट्टी उलथली. चार तास गेले, कंबर गेली.

५ फेब्रुवारी

उलथलेल्या चिखलाची ढेकळं वाळून दगड झालीत. हातोड्याने फोडून पाहिली, चार फुटली आणि मी थांबलो. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "वाफसा येऊ द्यायचा असतो रे. तुझ्या आजोबांनी ओल्या रानात कधी पाय घातला नाही." हे तिने रविवारी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण रविवारी मी ऐकलं नसतं.

९ फेब्रुवारी, रविवार

शुक्रवारी झारीने हलकं पाणी मारलं होतं. आज माती मुठीत दाबली की गोळा होत होती आणि बोटाने टोचला की फुटत होती. हाच वाफसा. खुरप्यानेच काम झालं, दीड तासात पट्टी भुसभुशीत. जुनं शेणखत चार पोती (₹१२० चं एक), बारीक मुरूम सहा घमेली. वाळू घालणार होतो, पण शेतावरच्या मामांनी फोनवर अडवलं: काळ्या मातीत थोडी वाळू घातली की ती मोकळी होण्याऐवजी घट्ट बसते. वाफा जमिनीपासून पाच इंच उंच केला. या उंचीने मे महिन्यात मला वाचवलं, ते पुढे येईल.

हातोडा-चिखलाच्या भानगडीत आठवडा वाया.

१६ फेब्रुवारी, रविवार

बी टाकलं. ९८ कपांचे दोन ट्रे, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याचा भुसा) पाच किलोची एक वीट (₹१८०), बियांची सहा पाकिटं (मिळून ₹२७०): झिनिया, पिवळा-केशरी कॉसमॉस, कोंबडतुरा, बटणफूल, चिनी गुलाब, सदाफुली. शिवाय रोपवाटिकेतून मोठ्या झेंडूची दहा तयार रोपं, ₹१५ ला एक. सदाफुली खरं तर वर्षानुवर्षं टिकणारी, पण वाफ्यात हंगामी फुलांसारखीच लावतात.

सगळं बी एकसारखं अर्धा इंच खोल पुरलं. शिस्त म्हणून.

२३ फेब्रुवारी, रविवार

झिनिया चौथ्या दिवशी वर. ३० पैकी २६. कॉसमॉसही चांगला. बटणफुलाची चार-पाच टोकं दिसतायत, त्याला वेळ लागतो म्हणतात. चिनी गुलाब शून्य. कोंबडतुरा तीन.

शेजारच्या अक्का भिंतीवरून डोकावल्या. त्यांचं घर मूळ तेलंगणातलं, सासरे मागावर, स्वतः अक्कांनी पंचवीस वर्षं विड्या वळल्या. ट्रे बघून हसल्या. "अरे, एवढं बारीक बी एवढं खोल पुरलंस? ते काय भुईमूग आहे?" चिनी गुलाबाचं आणि कोंबडतुऱ्याचं बी मातीवर नुसतं टाकायचं, वर काही घालायचं नाही, त्याला उजेड लागतो. सदाफुलीचं उलटं, तिला अंधार हवा, ती झाकायचीच. आणि बी किती घ्यायचं ते अक्कांनी विडीत तंबाखू भरावी तशी चिमूट करून दाखवलं. त्या चिमटीतून एका कपात जेमतेम चार-पाच बिया पडल्या. मी प्रयत्न केला तर पन्नास पडल्या.

२ मार्च, रविवार

चिनी गुलाब आणि कोंबडतुरा पुन्हा टाकला. या वेळी वर फक्त फवाऱ्याने पाणी, झारी नाही. झारीच्या धारेने बारीक बी एका कोपऱ्यात वाहून जातं. ट्रेवर जुना वर्तमानपत्राचा कागद फक्त सदाफुलीच्या ओळींवर.

अक्कांनी स्वतःकडचं बटणफुलाचं वाळकं फूल दिलं. चुरडलं की लोकर लागलेलं बी निघतं. रात्रभर पाण्यात ठेवून टाकलं.

१४ मार्च, धुळवड

सुट्टी होती म्हणून लावणी आज. पोरं रंगात, मी मातीत. सावलीतल्या थर्मामीटरवर दुपारी ३७. पाच वाजल्यानंतर हात घातला, आठला बल्बच्या उजेडात संपवलं. झिनियाला मुळं हलवलेली आवडत नाहीत, म्हणून कपातला गड्डा न फोडता तसाच खड्ड्यात ठेवला. २६ पैकी दोन दगावली.

अंतर सहा इंच ठेवलं. कमी झालं. नऊ ते दहा हवं होतं. पण छोटी रोपं लांब लांब लावली की वाफा भकास दिसतो, आणि मला धीर नाही.

२३ मार्च, रविवार

अर्ध्या झिनियांचे शेंडे खुडले, अर्ध्या तशाच ठेवल्या, बघू या म्हणून. आईला वाटलं गाय आत आली.

अक्कांच्या बटणफुलाची रोपं आज वाफ्यात गेली. चिनी गुलाब आणि कोंबडतुरा आता उगवलेत, ट्रेमध्ये गवतासारखे दाट. चिनी गुलाब जागेवर विरळ न करता मूठमूठ उचलून भिंतीकडेच्या काळ्या पिशव्यांत लावला. अशा बारा पिशव्या (₹२५ ला एक).

३० मार्च, गुढीपाडवा

पहिलं झिनियाचं फूल उमललं. गर्द गुलाबी. न खुडलेल्यांपैकी. गुढीच्या हाराला झेंडू बाजारातूनच आणावा लागला, पण मध्ये हे एक खोवलं.

६ एप्रिल, रविवार

आता मुख्य गोष्ट.

मी सकाळी साडेआठला अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात जातो, संध्याकाळी सातला येतो. दुपारचं लक्ष आईचं. दुपारी दोन-अडीचला झिनिया आणि कॉसमॉस माना टाकतात. आईचा जीव तुटतो, ती बादलीभर पाणी घालते. संध्याकाळी मी येतो, वरची माती फुटलेली, भेगा पडलेल्या दिसतात, मीही पाणी घालतो. म्हणजे रोज दोन वेळा.

आज आठ झिनिया आणि पाच सदाफुल्या पिवळ्या पडून बसल्या. सकाळी, गारव्यातसुद्धा, माना खालीच.

मी निदान केलं: ऊन. ₹६५० ची हिरवी शेडनेट आणली, ५० टक्के ऊन अडवणारी, बांबू लावून बांधली.

१३ एप्रिल, रविवार

नेटखाली आणखी सहा गेल्या. उरलेल्या उंच, लुकड्या, एका बाजूला वाकलेल्या. कॉसमॉसला एकही कळी नाही. (त्याला लाडाने जास्तीचं शेणखत घातलं होतं, तेही भोवलं असणार. छातीएवढा वाढलाय आणि नुसती पानं.)

मेलेलं एक रोप उपटलं. मुळं तपकिरी, सालपट हाताला सुटून येणारी, वास गटारीचा. खुरपं खुपसलं. वरचा एक इंच रखरखीत, त्याखाली चिखल. काळी माती वरून भेगाळते आणि पोटात पाणी धरून ठेवते, हे आईला ठाऊक होतं, मलाही शाळेपासून ठाऊक होतं, आणि दोघांनीही मिळून रोपं बुडवून मारली.

दुपारी मान टाकणं म्हणजे तहान असतेच असं नाही. मुळं ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडतं, म्हणून पान लोंबतं. ऊन उतरलं की उभं राहतं. संध्याकाळी सातलाही उभं राहिलं नाही तरच काळजी.

नेट काढली. ₹६५० गेले. आता गाडीवर टाकली आहे.

नवा नियम फळीवर लिहून ओट्यावर टांगला: "खुरपं तीन इंच खुपसा. ओली माती चिकटली तर पाणी नाही." आई वाचून म्हणाली, "आणि त्यांनी माना टाकल्या तर मी आत जाऊन बसू?" म्हटलं हो, तेवढं कर. पडदा ओढून बस.

२० एप्रिल, रविवार

वाफ्याला आता तीन दिवसांआड पाणी, पहाटे साडेपाचला, भरपूर. वर उसाच्या पाचटाचा दोन इंच थर. पाचट फुकट मिळालं, आणायला रिक्षाचे ₹२००. रोपं थांबली. म्हणजे मरायची थांबली.

शेंडे खुडलेल्या झिनिया आज एकेका झाडावर सहा-सात कळ्या घेऊन उभ्या आहेत. न खुडलेल्यांना एक मोठं फूल आणि दोन बारकी. पुढच्या वेळी सगळ्या खुडणार, चार जोड्या पानं आली की.

पिशव्यांचं मात्र उलटं दुखणं. तिथे माती खरंच वाळते, आणि नुसती वाळत नाही, भाजते. स्वयंपाकघरातला थर्मामीटर दुपारी तीनला पिशवीच्या कडेला खोचला: ४७. त्याच वेळी पाचटाखाली वाफ्यात ३३. काळं प्लास्टिक आणि मागे पांढरी भिंत, तवा आणि भट्टी दोन्ही. उपाय कारखान्यातच पडून होता. विणीत दोष गेलेले पांढरे टॉवेल किलोवर विकतात. तीन किलो आणले, पिशव्यांना बाहेरून गुंडाळले, सुतळी बांधली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ३९. गल्लीतला मित्र बघून गेला: "का बे, झाडांना अंघोळ घालून पुसतोस का?"

२७ एप्रिल, रविवार

सावलीत ४३. चिनी गुलाब बाराच्या बारा पिशव्यांत फुललाय: लाल, पिवळा, राणी, पांढरा, एक दुरंगी. सकाळी ऊन अंगावर आलं की उघडतो, दुपार कलली की मिटतो. म्हणजे मला तो फक्त रविवारी दिसतो.

झेंडूवर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. पानांवर पिवळे ठिपके, शेंड्याला बारीक जाळी. दुकानात विचारलं, पाण्यात मिसळायचं गंधक दिलं. नऊ वाजता फवारलं. हाताशी पंप होता म्हणून शेजारच्या झिनियांवरही मारलं, असू द्या म्हणून. दुपारपर्यंत फवारलेल्या प्रत्येक पानाची कड भाजल्यासारखी तपकिरी. पाकीट मग वाचलं. पस्तिशीच्या वर तापमान असताना गंधक मारायचं नसतं. दुकानदाराने सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि पाकिटावरची अक्षरं मुंगीएवढी.

झेंडू दहाही उपटले. तसंही मोठा झेंडू दिवस लहान व्हायला लागले की भरात येतो, वाढत्या दिवसांत पानंच जास्त करतो. फेब्रुवारीत लावायला नकोच होता. ₹१५० आणि दोन महिने.

बाकीच्यांवरचा कोळी पाण्याने गेला. पहाटे पाइपच्या तोंडावर अंगठा धरून पानांच्या खालून जोराची धार, एक दिवसाआड, चार वेळा. कोळ्याला कोरडी धूळ मानवते, ओल नाही.

४ मे, रविवार

नळ सहाव्या दिवशी आला. तोवर मी हुशारी केली होती: घरच्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून तीन आठवडे वाफ्याच्या उत्तर टोकाला घालत होतो. पाणी वाचवतोय म्हणून छाती फुगलेली.

उत्तर टोकाच्या झिनियांच्या पानांच्या कडा जळाल्यात, नव्या कळ्या उघडण्याआधी सुकतायत, पाचट बाजूला केलं तर मातीवर पांढरी पापडी. जिभेला लावून पाहिली. मीठ. आरओ पिण्याच्या पाण्यातला क्षार काढून ज्या पाण्यात ढकलतं, ते मी झाडांना पाजत होतो, तेही बोअरवर चालणाऱ्या मशीनचं. कारखान्याच्या डाइंगमधून पाण्यात विरघळलेला क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणला: बोअर १२००, आरओचं टाकाऊ पाणी २१००, नळाचं ४०० च्या आसपास.

त्याच पाण्यावर बटणफूल आणि एक पिशवी चिनी गुलाब होता. त्यांना काही झालेलं नाही. बटणफुलाला तर जणू खबरच नाही.

नळ आला तेव्हा उत्तर टोकाला सलग तीन वेळा पाणी भरून खाली निचरू दिलं, क्षार धुऊन जावा म्हणून. आता आरओचं पाणी फरशी पुसायला.

११ मे, रविवार

काही झालं नाही. फुलं आहेत. चहा वाफ्याजवळ घेतला.

१८ मे, रविवार

मोजणी केली. झिनिया १० उभ्या, त्यातल्या खुडलेल्या सात जोरात. कोंबडतुरा १४, मखमली जांभळा-लाल. उन्हात रंग उतरत नाही, उलट चढतो असं वाटतं. अक्का रोज सकाळी येऊन त्याच्याकडे बघतात. बतुकम्माला, म्हणजे तेलंगणातल्या फुलांच्या सणाला, त्यांना हाच आणि याचा रानटी भाऊ गुनुगु लागतो. गुनुगु म्हणजे आपला कुरडू, ज्याची आपण पावसाळ्यात भाजी करतो. दोघं एकाच घरातले, हे मला आज कळलं. तुरा धरून बघितलं तर टोकाशी खरंच कुरडूची ठेवण दिसते.

कॉसमॉसला खत-पाणी दोन्ही तोडल्यावर शेवटी फुलं आली. शहाणा उपाशीपोटी फुलतो.

२५ मे, रविवार

मे महिन्यात सोलापुरात असा पाऊस मी पाहिलेला नाही. आठवडाभर वळवाचा म्हणून सुरू झाला आणि थांबेचना. उंच वाफ्यामुळे पाणी उभं राहिलं नाही, कडेच्या चरीतून निघून गेलं. नाहीतर काळ्या मातीत तळं झालं असतं.

तरीही उरलेल्या नऊ सदाफुल्यांपैकी सात गेल्या. फांद्या काळ्या पडून लोळल्या, दोन दिवसांत. ४३ अंशांत जिने पान हलवलं नाही ती ओल्या मातीने संपली. मला वाटतं पाचट आधीच काढायला हवं होतं. उन्हाळ्यातलं पांघरूण पावसात ओलं कापड होतं. आज सगळं काढून भिंतीशी ढीग केला. टॉवेलही सोडले, त्यांना कुबट वास.

पिशव्यांतला चिनी गुलाब ढगांमुळे उघडतच नाही. मिटून बसलाय, पण जिवंत.

८ जून, रविवार

झिनियांच्या खालच्या पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी. सहा इंचांच्या अंतराचं फळ: आत वारा खेळत नाही. मधल्या तीन काढल्या, खालची पानं तोडून जाळली. उरलेल्यांची वाळकी फुलं बियांसाठी ठेवली.

हिशोब: शेणखत ४८०, कोकोपीट १८०, ट्रे दोन ८०, बी २७०, झेंडू १५०, पिशव्या ३००, शेडनेट ६५०, गंधक १४०, रिक्षा २००, टॉवेल १८०. एकूण ₹२,६३०. यातले झेंडू, नेट आणि गंधक मिळून ₹९४० केवळ घाईचे. मुरूम समोरच्या बांधकामावरून मागून आणला.

पुन्हा लावीन: बटणफूल (एकही मेलं नाही, एकदाही फवारलं नाही), चिनी गुलाब, कोंबडतुरा, झिनिया. कॉसमॉस वाफ्याच्या मागच्या बाजूला, खताविना. सदाफुली फक्त कुंडीत, तळाला भोक मोठं करून.

२२ जून, रविवार

चिनी गुलाबाच्या बोटभर काड्या तोडून नऊ नव्या पिशव्यांत खोचल्या. मुळं धरायला आठवडा लागतो, बियांची कटकट नाही. हे मार्चमध्ये कळलं असतं तर अक्कांच्या चिमटीची परीक्षा वाचली असती. काळ्या पिशव्या या वेळी घेतल्या नाहीत, सिमेंटच्या पांढऱ्या गोण्या कापून शिवल्या.

अक्का कोंबडतुऱ्याचं बी कागदात झटकून घेऊन गेल्या. त्यांनी हिशोब सांगितला: बतुकम्मा पितृ अमावास्येला सुरू होते, त्याआधी तुरा तयार हवा, तर बी जुलैच्या मध्यापर्यंत पडलं पाहिजे. माझा झेंडूही त्याच हिशोबातला. यंदा दसरा २ ऑक्टोबरला. बियांपासून फुलापर्यंत तीन महिने धरले तर ६ जुलैला, आषाढीच्या रविवारी, बी टाकायचं.

ट्रे धुऊन गच्चीवर वाळत घातलेत. आईने फळी पुसून ठेवली आहे. खुरप्याचं वाक्य तेवढं तिने पुसलेलं नाही.